पोळपाटावर आली गदा

रक्ताच्या रिपोर्टात एचबीएवनसीसमोर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेच्या चाचणीसमोर, ६.२ हा आकडा जाड ठशात दिसला, तेव्हा मला आधी वाटलं, चला, निदान पहिला वर्ग तरी मिळाला. डॉक्टरांनी खुलासा केला की ५.७ ला मधुमेहाची वेस लागते आणि ६.५ ला माणूस गावात शिरतो. "गोळ्या आत्ता नकोत. पोळी, भात, बटाटा, साखर कमी करा." गोळ्या नाहीत याचा आनंद जिना उतरेपर्यंत टिकला. भाकरीची आशा होती, तीही घरी येऊन वाचल्यावर मावळली. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही सत्तरेक ग्रॅम कर्बोदकंच, म्हणजे पोटात जाऊन शेवटी बहुतेक साखरच. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन-दोन स्वयंपाक मी करणार नाही. तुझं तू कर."

स्वयंपाकघरातलं माझं आजवरचं कर्तृत्व म्हणजे चहा करणं आणि सिलिंडर बदलणं. अडाणी माणूस कामाला हात घालण्याआधी हत्यारं गोळा करतो, तसं मीही ठरवलं. पण आधी घरात काय आहे ते बघावं म्हणून ओट्याखालचे ट्रॉलीचे कप्पे उघडले. पोळपाट, लाटणं, परात, पिठाची चाळण, कुकरचे डबे, इडलीपात्र, मोदकपात्र, आप्पेपात्र, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या. हा तर सरळसरळ कर्बोदकांचा कारखाना! आपल्या पूर्वजांनी जेवढं म्हणून डोकं चालवलं ते पीठ आणि तांदूळ यांच्यापायी. डॉक्टरांचा कागद अमलात आणायचा तर निम्मं स्वयंपाकघर बेकार होणार होतं.

मग तुळशीबाग. पहिली खरेदी बिडाचा तवा, कारण अंडी आणि पनीर यांवर दिवस काढायचे होते. दुकानदाराने तो दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिला. माझा खांदा खाली गेला. "काका, तीन पिढ्या टिकेल," तो म्हणाला. मी टिकावं म्हणून खटपट चालली होती, तर तवा माझ्या नातवंडांची सोय करून बसला. अन्न चिकटू नये म्हणून आधी तेल लावून तापवायचं, हे त्याने सांगितलं होतं; तेल किती, ते मी विचारलं नाही. पुसून पुसून नावापुरतं ठेवायचं असतं. मी पुरीला घालतात तसं घातलं. घरभर धूर झाला, शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या आणि तव्यावर चिकट पिवळा थर बसला, त्याला अंडं असं बिलगलं की सोडवेना. तो घासून काढून पुन्हा पातळ हाताने तेल दिलं, तर तिसऱ्या दिवशी मी त्यात टोमॅटोचं सार उकळलं. आंबटाने सगळी कमाई धुऊन नेली आणि साराला लोखंडाची चव आली. "अंगात लोह वाढेल," असं मी म्हणालो. कोणीही हसलं नाही.

दुसरी खरेदी भाज्यांच्या शेवया पाडायचं यंत्र. पेन्सिलीला टोक करतात तसा दुधी फिरवायचा. शेवया सुंदर पडतात, खोटं कशाला बोला. पण दुधी म्हणजे सगळं पाणीच. मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पिळल्याशिवाय कढईत टाकला की त्याचा रस्सा होतो, हे यंत्रावर कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय त्याची पाती धुताना बोट कापतं, हेही नाही.

एअर फ्रायरबद्दल थोडक्यात सांगतो. ती पंखा लावलेली छोटी भट्टी आहे. आमची १५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर. ओट्यावरचे पॉइंट ६ अँपिअरचे. मोठा पॉइंट एकच, तो मायक्रोवेव्हचा. त्यामुळे माझं पनीर भाजायचं आणि हिचं दूध गरम करायचं यांत रोज सकाळी वाटाघाटी होतात, आणि त्यात बहुतेक वेळा दूध जिंकतं.

खरी फजिती भाताने केली. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात कर्बोदकं अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास, फ्लॉवरमध्ये जेमतेम पाच. म्हणून फ्लॉवरचा भात. मी तुरे मिक्सरमध्ये घातले आणि बटण धरून ठेवलं. चटणी झाली. दुसऱ्या गड्ड्याच्या वेळी शहाणा झालो आणि मोठ्या भोकांच्या किसणीवर किसला. शुभ्र, मोकळा, हुबेहूब तांदूळ! इतका हुबेहूब की हातून आपोआप कुकरच्या डब्यात गेला आणि मी तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडल्यावर आईने आत डोकावून पाहिलं. "तांदळाची पेज मी आयुष्यभर केली. फ्लॉवरची आजच पाहिली."

तिसरा गड्डा पसरट कढईत, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर चार मिनिटं परतला. जमला. वर हिंग-जिऱ्याची फोडणी आणि ताक घालून दहीभात म्हणून खपलासुद्धा. म्हणजे तीन गड्ड्यांनंतर लागलं काय, तर किसणी आणि कढई. दोन्ही आईच्या लग्नातल्या.

हे कळल्यावर मी कप्प्यातल्या बेकारांकडे नव्याने पाहू लागलो. आप्पेपात्रात दोन अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर फेटून घातली. एकेका खळग्यात चमचाभर तेल, झाकण, मंद आच, मग सुरीच्या टोकाने प्रत्येकाला अलगद कोलांटी. सात खळगे, सात गोल, फुगलेले, कडेने तांबूस. इतकं देखणं मी आयुष्यात काही केलं नव्हतं. परातीत पालक निथळू लागला. सोऱ्यातून बदामाच्या पिठाची शेव पाडायला गेलो, ती तेलात पडताच विरघळली. त्याला अजून काम मिळालेलं नाही. घरी फाडलेल्या दुधाचं पनीर फडक्यात बांधून पोळपाटावर ठेवलं, वर पाटा ठेवला आणि पाट्यावर तो तीन पिढ्या टिकणारा तवा. तव्याचा इतका चांगला उपयोग मला त्याआधी सुचला नव्हता.

तेवढ्यात आई आली. "पोळपाट मोकळा कर. बाकीच्यांना जेवायचंय."

पनीर बाजूला गेलं. पोळ्या सुरू झाल्या. पहिली फुगली, तिचा तो वास आला आणि मी नव्या डिजिटल वजनकाट्यावर ताटली ठेवून शून्य केलं. महिन्याभरात फक्त हीच वस्तू माझ्याशी प्रामाणिक राहिली होती.

"एकच घेतो, मोजून," मी म्हणालो.

आईने पोळी ताटलीत टाकली. ३८ ग्रॅम. मी मनात निम्मे धरले, एकोणीस ग्रॅम कर्बोदकं.

"आणि तूप?" तिने विचारलं.

"तुपात कर्बोदकं नसतात."

"अजिबात?"

"अजिबात."

"मग हे आधी नाही का सांगायचं," म्हणत तिने तुपाची वाटी ओढली. काटा ४४ वर गेला, मग ५१ वर, आणि ती चमचा खाली ठेवायला तयार नव्हती.