काकूंची मंडई आणि माझा फ्रीजर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिवाळा आला की एक वाद हमखास पेटतो. पुण्याच्या काकू लिहितात, "तुम्ही तिकडे फ्रीजरमधलं नि हवाबंद डब्यातलं खाता, त्यात सत्त्व ते काय राहणार?" त्यावर भाच्याचं उत्तर तयार असतं: फ्रोजनच ताज्याहून पौष्टिक, मंडईत जायचंच कशाला? मी कॅनडातल्या कॅल्गरीत राहते आणि मला दोघांचंही अर्धंच पटतं.

इथे जानेवारीत पारा उणे २५ वर गेलेला असतानाही दुकानात हिरवीगार फरसबी असते. ती येते मेक्सिको नाहीतर कॅलिफोर्नियाहून, ट्रकने. तोडणी, प्रतवारी, प्रवास, गोदाम, आणि वर आमच्या फ्रीजमधला मुक्काम. पालक किंवा फरसबी आठवडाभर फ्रीजमध्ये राहिली तर निम्म्याहून जास्त क जीवनसत्त्व जाऊ शकतं. मटाराच्या दाण्यातली साखर तर तोडल्यापासूनच पिठूळ व्हायला लागते. म्हणून गोठवायचा मटार शेतातून काही तासांतच कारखान्यात नेतात, उकळत्या पाण्यातून काढतात आणि झटपट गोठवतात. त्या पाण्यात थोडं क जीवनसत्त्व जातं, हे काकूंनी म्हटलं तर मान्य. पण पुढे उणे १८ अंशांवर महिनोन्महिने घट बेताचीच. माझ्या फ्रीजरमधल्या मटारापुढे ती ट्रकमधली 'ताजी' फरसबी काही मोठी मिजास करू शकत नाही.

डब्याचं गणित निराळं. बॉट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, म्हणून बंद डबे दाबाखाली ११६ ते १२१ अंशांपर्यंत तापवतात. त्यात क आणि ब१ जीवनसत्त्वं बरीच जातात, काही डब्यातल्या पाण्यात उतरतात, आणि ते पाणी आपण सिंकमध्ये ओततो. तंतू, खनिजं, राजम्या-छोल्यांतली प्रथिनं मात्र टिकतात. खरी काळजी मिठाची. डब्यातला राजमा चाळणीत ओतून, फेस जाईपर्यंत नळाखाली धुतला तर सोडियम सुमारे ४० टक्क्यांनी उतरतं. टोमॅटोला तर डबा मानवतोच: उष्णतेने त्यातलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, मोकळं होतं आणि तेला-तुपाबरोबर अंगी लागतं. इथल्या हिवाळ्यातल्या पांढुरक्या, बेचव टोमॅटोंपेक्षा माझं सार डब्यातल्या टोमॅटोचंच बरं होतं. (दिवाळीत हापूसच्या रसाचा डबा उघडताना काकूंना सत्त्वाची आठवण कशी होत नाही, हे मी ग्रुपवर विचारलेलं नाही. अजून.)

पण काकू पुण्यात राहतात. सासवडचा मटार बाजारात आलेला असताना, सकाळी मेथीची जुडी दारावर येत असताना पाकीट फोडायचं काही कारण नाही. माझं गणित कॅल्गरीच्या थंडीचं आहे, ते भाच्याने उचलून कोथरूडला लावू नये. शिवाय त्याच्या 'फ्रोजन'मध्ये मटार कमी आणि फ्रेंच फ्राइज, पराठे, नगेट्सच जास्त. फ्राइज तर कारखान्यात एकदा तळूनच गोठवलेल्या असतात. मटाराचं पुण्य त्यांना लागत नाही.

काकूंनाही एक सांगायचंय. मंडईतून आणलेली कोवळी फरसबी भरपूर पाण्यात शिजवून पाणी मोरीत ओतलं, की क जीवनसत्त्वाच्या बाबतीत आपण डब्याच्याच वाटेला लागलो. त्यापेक्षा थोड्या पाण्यात वाफवावी आणि उरलेलं पाणी आमटीत घालावं. इकडे फ्रोजन भेंडी मी वितळू देत नाही, नाहीतर तिचा लगदा होतो. गोठलेलीच तापल्या तेलात, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परतते. आणि भाच्याला सध्या एवढंच कळवलंय की पाकिटाच्या मागचे घटक वाच. तिथे फक्त 'मटार' लिहिलं असेल तर उन्हाळ्यात खुशाल घे.