साठ सेकंद पळा, नव्वद सेकंद चाला

आमच्या घरच्या ग्रुपवर गेले चार दिवस वहिनीचे गुडघे गाजतायत. तिने ४३ व्या वर्षी पळायला सुरुवात केली तर काका लिहितात, या वयात बायकांनी पळायचं नसतं, गुडघे झिजतात, चालावं. त्यावर दादाने चिडून तिचं नावच सातारा हिल हाफ मॅरेथॉनला घालून टाकलं, वर ललिता बाबरचा फोटो, की आपल्या माणची मुलगी २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली आणि तुला यवतेश्वरचा घाट चढवत नाही? इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये बसून वाचताना मला दोघांचाही राग येतो. एक म्हणतो पळूच नको, दुसरा म्हणतो थेट २१ किलोमीटर, आणि दोन मिनिटांत धाप लागते तिचं काय करायचं हे कोणीच सांगत नाही.

मी तीन वर्षांपूर्वी एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, काउच टू फाइव्ह के ने सुरुवात केली, सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा कार्यक्रम. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस, मधे सुट्टी. असे नऊ आठवडे. सुट्टीचा दिवस का, तर दम लवकर वाढतो पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात, म्हणून उत्साहात रोज पळणाऱ्याची नडगी तिसऱ्या आठवड्यात दुखायला लागते. आणि वेग किती, तर पळता पळता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे एवढाच. बोलता येत नसेल तर हळू व्हा. आपल्याकडे हळू पळणं म्हणजे कमीपणा, हीच खरी अडचण आहे.

काकांच्या गुडघ्यांबद्दल पण सांगते. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याची झीज ३.५ टक्के लोकांत होती, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांत मात्र १३.३. म्हणजे काकांचं चुकतंय आणि दादाचंही.

आमच्याकडे शनिवारी नऊला व्हिक्टोरिया पार्कात पार्करन असतं. पाच किलोमीटर, फुकट, बारकोड घेऊन जायचं. सगळ्यांच्या मागे मुद्दाम एक स्वयंसेवक, टेल वॉकर, चालतो, त्यामुळे शेवटचा नंबर कधीच आपला येत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांचं उत्तर आलं, आमच्याकडे म्हणजे कुठे गं? मला ते लागलं. दिवसभर.

कारण खरं सांगायचं तर मागच्या वर्षी मी तीन आठवडे साताऱ्याला होते आणि बूट बॅगेतून काढलेच नाहीत. इथे डिसेंबरात चारला अंधार पडतो तरी मी अंधारात चमकणारं हाय-विझ जॅकेट घालून पळायला जाते, आणि तिथे पहाटे सहाला आमच्या गल्लीतून लेगिंग घालून बाहेर पडायचं धाडस झालं नाही. प्रत्येक दारात मला लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी उभं. इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून मी पळू शकते, आणि याला मी इतके दिवस इथलं मोकळं वातावरण म्हणत आले. फ्रॉकवर त्याच गल्लीत मी सगळ्यांच्या पुढे पळायचे, तेव्हा हीच माणसं दारातून ओरडायची, हळू गं, पडशील. तसं हक्काने ओरडणारं इथे कोणी नाही. पार्करनला सगळे टाळ्या वाजवतात, वेल डन म्हणतात, पण नाव कोणालाच माहीत नसतं.

वहिनी तर त्याच गल्लीतून जाते. स्टेडियमवर पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरचा सराव करत असतात, त्यांच्या शेजारून ही आपली साठ सेकंद पळते, नव्वद सेकंद चालते. मी पाठवलेलं वेळापत्रक तिने फ्रिजवर लावलंय, हाफ मॅरेथॉनमधून नाव काढायला दादाला सांगितलंय. काल तिने पोरांचं ऐकवलं. त्यातला एक म्हणाला, काकू, श्वास नाकातोंडातून दोन्हीकडून घ्या, खांदे सैल सोडा. त्याने बरोबर सांगितलं.

मग तिने विचारलं, डिसेंबरात येशील तेव्हा बूट आणणारेस ना? गल्लीतून दोघी जाऊ.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.