अजेंडा कसला, मूळ पुस्तक वाचा आधी
अमेरिकन नाटककार-अभिनेत्री केट हॅमिलने तिच्या 'ड्रॅक्युला' नाटकात (न्यूयॉर्क, २०२०) व्हॅन हेल्सिंग (ड्रॅक्युलाच्या मागे लागलेला प्रोफेसर) आणि रेनफील्ड (ड्रॅक्युलाच्या कह्यातला वेडा) या मूळच्या दोन पुरुषांना बाई केलं, रेनफील्डची भूमिका तर स्वतःच केली, म्हणून लगेच अजेंडा अजेंडा काय ओरडताय? अहो ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या मूळ कादंबरीतच बघा ना, सगळ्यांच्या डायऱ्या टाईप करून तारखेनुसार लावून देते नायिका मिना आणि मग ड्रॅक्युलाला मारायला निघालेले हे पुरुष ठरवतात की आता हिला काही सांगायचं नाही, अन् नेमका तेव्हाच ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो!! मला खटकलं ते वेगळंच, नाटकाच्या नावाखालीच 'स्त्रीवादी सूडाची फँटसी' असं छापून टाकलंय. मिनाची मैत्रीण लूसी व्हँपायर होते तेव्हा तिच्या छातीत खुंटी ठोकणारा तिचा होणारा नवराच असतो, हे मूळ पुस्तकातच आहे की, मग वरून लेबल कशाला चिकटवायचं राव