बांधावरचा करंट काढा

परवा संध्याकाळी शेतावर गेलो तेव्हा शेजारच्या काकांच्या बांधावर बांबूचे खुंटे ठोकलेले दिसले. जेमतेम गुडघाभर उंच. त्यावरून बारीक लोखंडी तार ओढलेली आणि तारेचं एक टोक विजेच्या खांबाकडे गेलेलं. धान कापून झालंय, कापलेल्या कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वाळताहेत, दोन-चार दिवसांत त्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचायचे. तार कशासाठी हे कळत होतं, तरी विचारलं.

"काका, हे कायले?"

"डुकरासाठी गा. राती आकडा टाकतो, पहाटे काढतो." मग थोडं थांबून म्हणाले, "अन् तो मोठा आला, तं त्यालेही समजन."

मोठा म्हणजे कोण, हे आमच्या गडचिरोलीत आता कोणाला सांगावं लागत नाही. पलीकडच्या रानात हत्तींचा कळप उतरल्याचं चार दिवसांपासून गावात बोलणं आहे. मी तिथेच बांधावर बसलो. त्या दिवशी काकांशी जे बोललो आणि जे बोलायचं राहून गेलं, ते सगळं इथे लिहितोय. कारण अशी तार एकट्या काकांच्या बांधावर नाही.

आधी हे सांगतो की काकांचा राग मला समजतो. दोन वर्षांपूर्वी माझं दीड एकर धान हत्तींनी एका रात्रीत संपवलं. हत्ती खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. सकाळी गेलो तर बांधीत परातीएवढे खड्डे पडलेले, त्यांत पाणी साचलेलं आणि त्या पाण्यावर माझ्या लोंब्या तरंगत होत्या. बायको एकेक लोंबी उचलून पदरात घेत होती. पंचनाम्याला माणूस आला तो कितीतरी दिवसांनी, तोवर खड्डे बुजून गेलेले. पैसे मिळाले त्यात मळणीचा खर्चही निघाला नाही. या जिल्ह्यात हत्तींनी माणसंही मारली आहेत. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरासमोर उभं राहून हत्तीची बाजू मांडायची माझी हिंमत नाही, आणि शहरातल्या कोणी ती मांडावी असंही मला वाटत नाही.

तरीही तार चुकीचीच आहे.

2021च्या ऑक्टोबरात हा कळप छत्तीसगडच्या बाजूने धानोरा तालुक्यात आला. वीस-पंचवीस हत्ती, मूळ ओडिशाचे. पुढे कुरखेडा, आरमोरी असं करत ते गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतही जाऊन आले. तेव्हापासून एकच प्रश्न ऐकतोय, "हे आमच्याकडे काऊन आले?" हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं. एवढं एका जागी मिळत नाही म्हणून तो चालतो. कळप म्हाताऱ्या हत्तिणीच्या मागे जातो. कुठल्या महिन्यात कुठे पाणी, कुठे बांबू, कुठे मोह, हे तिला आठवतं. तिच्या वाटेवर खाण आली, रस्ता आला, जंगलाचे तुकडे पडले, की ती दुसरी वाट धरते. तसे इथे आले. आणि चंद्रपूरला गेलात तर परकोटाचा दरवाजा जरा मान वर करून बघा. हत्तीवर चढलेला शार्दूल कोरलाय तिथे, गोंड राजांचं चिन्ह. हत्ती या मुलखाला आजचा नवा नाही.

आता तारेबद्दल. सौर कुंपणाची जी झटका मशीन मिळते, तिचा धक्का क्षणभराचा असतो. जनावर दचकतं आणि मागे फिरतं. खांबाच्या तारेवर आकडा टाकून जो करंट घेतात, तो धरून ठेवतो, सोडत नाही. त्याने डुक्कर मरतं, वाघ मरतो, पहाटे मोह वेचायला निघालेली बाई मरते, स्वतःचीच तार विसरलेला शेतकरी मरतो. विदर्भात अशी किती माणसं गेली हे आपण सगळे आपापल्या गावावरून जाणतो. हत्तीचंही तेच. देशात हत्ती अनैसर्गिकरीत्या मरतात त्यात विजेचा धक्का हे सगळ्यात मोठं कारण आहे. रेल्वे, विष, शिकार त्याच्या मागे. 2025च्या ऑक्टोबरात डीएनए तपासून केलेल्या मोजणीचा आकडा आला: देशभरात जंगली हत्ती 22,446. एवढ्या मोठ्या देशात एवढेच. त्यात हत्तीण जवळपास बावीस महिने पोटात पिल्लू वाढवते आणि पुढचं पिल्लू व्हायला चार-पाच वर्षं जातात. एका तारेवर एक माय गेली तर काय जातं, याचा हिशेब करा.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगतो. मी सहावीत असताना आमच्या बाजाराला एक साधू हत्ती घेऊन यायचा. मे महिना, डांबर वितळलेलं. पोरं मागे धावायची, बाया सोंडेवर रुपया ठेवायच्या, हत्तीण तो साधूच्या हातात द्यायची आणि सोंड डोक्यावर ठेवायची. गणपती म्हणून आई पाया पडली, मीही पडलो. वाकलो तेव्हा पाय जवळून दिसला. नखाजवळची कातडी फाटलेली, आत पिवळट ओलं, त्यावर माशा. ती एक पाय टेकवून दुसरा उचलायची, मग तो टेकवून पहिला उचलायची. आम्हाला वाटलं नाचते. आई म्हणाली, "डोलून रायली बाप्पा." कानामागे अंकुशाची जखम होती, तिच्यावर शेंदूर भरलेला. हत्तीला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, कान हलवून तो अंग गार ठेवतो, हे मी फार उशिरा वाचलं. ती भाजत होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

म्हणून 2025च्या जुलैत कोल्हापूरकडच्या नांदणी मठातल्या माधुरी हत्तिणीला कोर्टाच्या आदेशाने गुजरातला नेलं आणि सगळं कोल्हापूर रस्त्यावर आलं, तेव्हा मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटलं. लोकांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. पण कळपात राहणारं जनावर तीस वर्षांहून जास्त एकटं बांधून ठेवलं, हेही खरंच होतं. प्रेम आहे म्हणून साखळी हलकी होत नाही.

पाळीव हत्ती कसा सांभाळावा हे बघायला लांब जायला नको. अहेरी तालुक्यातलं कमलापूर बघा. एके काळी आलापल्लीच्या सागवानाचे ओंडके ओढणारे हत्ती, आता त्यांना ते काम नाही. थंडीत दरवर्षी त्यांना काही दिवस सुट्टी असते, हिरडा-बेहडा आणि कसल्या कसल्या मुळ्या उकळून त्यांच्या पायांना शेक देतात. चोपिंग म्हणतात त्याला. मी एकदा पाहिलंय. काढ्याची वाफ, महावत वाकून पायाला लावतोय आणि हत्तीण डोळे अर्धे मिटून उभी. 2022मध्ये कमलापूरचे हत्ती गुजरातला न्यायचं चाललं तेव्हा आमच्या लोकांनी कडाडून विरोध केला. म्हणजे माया आहे आपल्याला. कमलापूरच्या हत्तीवर आहे, मग धानात आलेल्या हत्तीवर का नसावी? तो मोफत येत नाही हे मान्य, पण त्याची किंमत एकट्या धानवाल्याने का मोजायची? पंचनामा आठ दिवसांत व्हावा, पैसे बाजारभावाने मिळावेत, झटका मशीन सरकारने द्यावी. यासाठी ग्रामसभेत ठराव करू, मोर्चा काढू, मी पहिला येईन.

आणि एक हात जोडून विनंती पोरांना. हत्ती आले की पन्नास गाड्या, मोबाईलचे टॉर्च, फटाके घेऊन मागे धावू नका. पिल्लू मायेपासून तुटलं की हत्तीण पिसाळते, आणि व्हिडिओ काढणारा पळून जातो. सापडतो तो शेतातल्या खोपडीत झोपलेला म्हातारा.

काकांना यातलं अर्धंच सांगता आलं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "तार काढतो. पण मंग डुकरं आले तं? तू येशीन का जागलीले?"

येतो म्हटलं. दोघांनी मिळून तार गुंडाळली, खुंटे तसेच ठेवले, त्यांना रिकामे डबे बांधले. काल रात्री काका जागले, डुकरं दोनदा आली आणि डबे वाजवल्यावर गेली. आज माझी पाळी आहे. घोंगडी, बॅटरी आणि मिरचीच्या धुरासाठी दोन गोवऱ्या घेतल्यात. निघतो आता.