आपल्या संस्थेला अधिकार नाही

‘आपल्या संस्थेला हा लेख वाचण्याचा अधिकार नाही.’ परवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ग्रंथालयाच्याच खुर्चीत बसून मी संशोधन-लेखांच्या डेटाबेसवर हे वाक्य तीनदा वाचलं. चौथ्यांदा गळ्यातलं ओळखपत्र लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. कुणी बघत नाही असं वाटलं होतं.

शेजारचा मुलगा बघत होता. मिसरूड नुकतीच फुटलेली. “काका, त्याला तुम्ही दिसत नाही.”

काका! मी पीएचडीचा विद्यार्थी आहे. वयाचं जाऊ द्या.

“तो डेटाबेस फक्त आयपी बघतो, म्हणजे तुमच्या नेटचा पत्ता. कुठल्या वायफायवर आहात?”

“वायफाय कशाला? मोबाइलचं नेट आहे की माझं.”

त्याने कानातला इअरफोन काढला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे कळलं. “म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही बाहेर रस्त्यावर उभे आहात.”

असा हा पहारेकरी. तोंड बघत नाही, नाव विचारत नाही, कुठल्या गल्लीतून आलात एवढंच बघतो. घरून प्रॉक्सीने, म्हणजे विद्यापीठाच्या नेटमधून वळसा घेऊन, लॉगिन केलं की गुपचूप आत सोडतो. आत बसलेल्याला मात्र हाकलतो.

ग्रंथालयाचं वायफाय जोडलं. आता मुलाची नजर माझ्या शोधाच्या चौकटीवर गेली. तिथे मी दीड ओळीचं सविस्तर, सभ्य वाक्य लिहिलं होतं.

“काका, हा अर्ज आहे.”

त्याने माझा अर्ज खोडला, दोन शब्द अवतरणचिन्हांत कोंबले, मध्ये ‘अँड’ टाकलं, एका शब्दाची शेपटी तोडून तिथे तारा लावला, म्हणजे कुठलीही शेपटी चालेल. लाखभर निकालांचे चौदा झाले. हे अँड, ऑर, नॉट म्हणजे गणितज्ञ जॉर्ज बूलची कृपा. तो बिचारा १८६४ साली पावसात भिजत वर्गावर गेला, ओल्या कपड्यांनीच शिकवत राहिला, आजारी पडला आणि त्यातच गेला. त्याला निदान काका म्हणणारं कुणी शेजारी नव्हतं.

चौदातला हवा तो लेख उघडला. ‘एम्बार्गो : बारा महिने.’ म्हणजे सारांश आज वाचा, लेख पुढच्या वर्षी.

इथे माझं डोकं खरंच फिरलं. लेख लिहिणाऱ्याला सहसा छदाम मिळत नाही, तो तपासून देणाऱ्यालाही नाही. ग्रंथालय दरवर्षी वर्गणी भरतं, ती थांबली तर कित्येकदा मागचे अंकही दिसेनासे होतात. छापील अंक निदान कपाटात धूळ खात पडून राहायचे. वर्गणी संपली म्हणून ते कुणी उचलून नेत नसे.

हे सगळं मी मुलाला तावातावाने सांगितलं. तो जांभई आवरत म्हणाला, “लेखकालाच मेल टाका. बरेचदा पाठवतात.”

मेल लिहून झाला. पाठवण्याआधी शीर्षक पुन्हा बघावं म्हणून डेटाबेसकडे वळलो. ‘आपल्या संस्थेला...’

“काका,” इअरफोन कानात घालत तो म्हणाला, “परत रस्त्यावर गेलात. हॉटस्पॉट बंद करा तो.”