‘नवजात बाळाला कन्व्हर्टिबल कार सीट नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नव्या आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कन्व्हर्टिबल कार सीट (आधी मागे तोंड करून आणि मूल वाढलं की पुढे तोंड करून वापरता येणारी) मोठ्या मुलांची असते, नवजात बाळ तिच्यात हरवतं. म्हणून पहिले सहा महिने बाळ मागच्या सीटवर आईच्या मांडीतच बरं. सीट घेतलीच असेल तर मोहरीची उशी घालून पोकळी भरा आणि वर्ष झालं की सीटचं तोंड पुढे करा, नाहीतर पाय अवघडतात. शेवटी पुस्ती जोडलीय, ‘आपल्याकडे कायद्याची सक्तीही नाही.’ यातलं एक म्हणणं अर्धं खरं आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी मांडी. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धडकेत हा वेग अर्ध्या मीटरच्या अंतरात शून्यावर आला असं धरा. शरीराला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट येतो. ३ किलोचं बाळ धरून ठेवायला ६० किलो तोलण्याएवढी ताकद लागते, आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात होतं. इथे माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. आईने बेल्ट लावला नसेल तर तिचं स्वतःचं वजनही बाळावर येतं. दोघांना एकाच बेल्टमध्ये घेणं त्याहून वाईट, कारण मग बाळ आईचं शरीर आणि बेल्ट यांच्यात चिरडतं. ‘पण मागच्या सीटवर ना?’ असं विचारणाऱ्यांनी सप्टेंबर २०२२ मधला पालघरजवळचा सायरस मिस्त्रींचा अपघात आठवावा. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता आणि दोघेही गेले.

आता ‘हरवतं’ या आक्षेपाकडे. आपल्याकडे ० ते १८ किलो असं लिहिलेल्या ज्या सीट मिळतात त्या बहुतेक कन्व्हर्टिबलच. शून्यापासून मान्यता असलेली सीट नवजाताला चालते. मात्र मान्यता असणं वेगळं आणि आपल्या बाळाला बसणं वेगळं, म्हणून दुकानात हे बघाच. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघायला हवेत. सगळ्यांत खालची खाच बाळाच्या खांद्याच्या वर येत असेल तर ती सीट तूर्त नको. पाठ साधारण ४५ अंशांत कलायला हवी. फार उभी राहिली तर नवजाताची मान छातीवर पडते आणि श्वासनलिका दाबली जाते. पट्टा ओढल्यावर खांद्यापाशी तो चिमटीत येता कामा नये. बाळ ३७ आठवड्यांआधी झालं असेल तर ते तिरक्या स्थितीत नीट श्वास घेतंय ना, हे डॉक्टरांकडून बघून घ्या.

मोहरीच्या उशीचा सल्ला वाचून तर मी कपाळावर हात मारला. पाळण्यातली उशी सीटमध्ये बाळाच्या डोक्याखाली किंवा पाठीमागे गेली की धडकेत ती दबते, पट्टे सैल पडतात, आणि एरवीही मान पुढे झुकते. सीटसोबत आलेली नवजाताची गादी तेवढी वापरायची. बाजूला पोकळी राहिलीच तर पातळ कापडाची गुंडाळी डावी-उजवीकडे ठेवता येते. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही ही मुभा देते. आणि हो, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून सीटमध्ये ठेवू नका, त्याने पायांमधला पट्टा लावताच येत नाही. आधी पट्टे लावा, मग वरून दुपटं पांघरा. आजीचीही समजूत पटेल.

वर्ष झालं की तोंड पुढे? हा गोंधळ खोक्यावरच्या आकड्यांनी केलाय. जुन्या वजनगटांप्रमाणे पुढे तोंड करायची मुभा ९ किलोपासून असते, आणि लोक ती सूचना समजतात. ती फक्त किमान अट आहे. युरोपच्या नव्या आर१२९ नियमात तर १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचंच आहे. कारण मानेत आहे. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं, मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड असेल तर समोरच्या धडकेत धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. मागे तोंड असेल तर तोच जोर डोकं, मान आणि पाठ यांवर मिळून वाटला जातो. पाय दुमडतात हे खरं, पण मुलं आपसूक मांडी घालून बसतात. अनेक सीटमध्ये मागे तोंड करायची मर्यादा १३ किलो असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्यांचं मधलं वजन तिथे पोचायला अडीच वर्षं होतात. तेवढी मर्यादा पुरती वापरा. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगसमोर मात्र कधीही नाही.

सक्तीचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं आहे. १४ वर्षांखालील मूल बेल्ट किंवा बालसीटविना असेल तर १,००० रुपये दंड. तो कुणी वसूल करताना दिसत नाही, ही गोष्ट निराळी.

आता ते अर्धं खरं: ‘कन्व्हर्टिबल नको’ हे म्हणणं काहींच्या बाबतीत सोयीपुरतं पटतं. कन्व्हर्टिबल सीट गाडीतच राहते, झोपलेल्या बाळासकट उचलून घरात नेता येत नाही. सतत टॅक्सीने फिरणाऱ्यांना उचलता येणारी कॅरीकॉट-कम-कार सीट सोयीची, फक्त तिच्यावर आर४४ (युरोपचा जुना नियम), आर१२९ किंवा एआयएस-०७२ (भारतीय मानक) ची खूण बघून घ्या, नुसतं ‘कार सीट’ लिहिलेलं पुरत नाही. ती साधारण वर्ष-सव्वा वर्षात लहान पडते, हेही धरून चाला.

एक अडचण मात्र मेसेजला सुचलेलीच नाही. बाळंतपण माहेरी असेल तर पहिला प्रवास आजोबांच्या गाडीतून होतो आणि आपण सीट बघतो ती आपल्या गाडीत. मागे तोंड करून बसवताना बेल्ट लांब लागतो आणि काही छोट्या गाड्यांत तो पुरत नाही. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच दोन्ही गाड्यांत सीट बसवून बघा, सीटवरच्या निळ्या खुणांमधून बेल्ट नेऊन, कारण लाल खुणा पुढे तोंड करतानाच्या. बेल्ट पुरला नाही तर त्या गाडीपुरती ती सीट बाद. ओढूनताणून लाल खुणांमधून बेल्ट काढून ती बसवायची नाही.