‘आधारगृहाला वर्गणी देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पंधरा दिवस झाले, आमच्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. इथलं महिला आधारगृह म्हणजे घरातल्या मारहाणीमुळं बाहेर पडलेल्या बायका-लेकरांना आसरा देणारी जागा, ती आमची संस्था चालवते. तिथं दोन खोल्या आणि एक संडास-बाथरूम वाढवायचंय, त्यासाठी आम्ही वर्गणी गोळा करतोय. मेसेज म्हणतो, एक रुपयाही देऊ नका. अशा जागा संसार मोडतात, सरकार पैसा देतंच, तिथं बसून नवऱ्यांवर खोट्या केसेस टाकतात, त्यापेक्षा हा पैसा देवळाला द्या आणि ही मंडळी पत्तासुद्धा लपवतात. ओळखीच्या, भल्या माणसांनीही तो पुढं पाठवलाय. म्हणून हे उत्तर.

‘आसरा मिळाला की बाई नांदायला परत जात नाही.’

मागच्या हंगामात, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत, पहिल्या एसटीनं एक बाई आली. कडेवर लेकरू, हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. पिशवीत दोन साड्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद: आधार कार्ड, लेकराचं लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स. हे कागद तिनं महिनाभर पिठाच्या डब्याखाली लपवून ठेवले होते. रागाच्या भरात घर सोडणारी बाई कागद जमवत बसत नाही. त्याआधी ती दोनदा माहेरी जाऊन आली होती. भावकीची बैठकही झाली होती आणि चार माणसांनी समजूत घालून तिला परत पाठवलं होतं. नवऱ्यानं मुकादमाकडून कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घेतलेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या माणसाची नव्हे. ती गेली की पैसे अंगावर येणार, म्हणून सासरच काय, माहेरही तिला थांब म्हणत होतं. मला तिनं एवढंच विचारलं, “ताई, लेकराला घेऊन म्या कुठं जावं?”

हा संसार आमच्या दाराशी येऊन मोडला, असं कुणी म्हणू शकेल का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या चार बायकांमागे साधारण एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणानुसार देशभरात मार किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के बायकांनी कुणाकडं तरी मदत मागितली. बाकीच्यांतल्या बहुतेक गप्प आहेत. ज्या येतात, त्यातल्या काही परतही जातात. बोलणी होतात, नवऱ्याला समोर बसवलं जातं. पण जायचं की नाही हे तिनं ठरवावं, आणि ते ठरवायला डोक्यावर छप्पर लागतं.

‘सरकार पैसा देतं, मग वर्गणी कशाला?’

जिल्ह्याला अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी सरकारचं सखी वन स्टॉप सेंटर आहे, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. दोन्हींचा आम्हाला आधारच आहे. पण सखी केंद्रात राहण्याची सोय साधारण पाच दिवसांची. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात अर्जाचा निकाल पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं म्हटलंय, आणि कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा, त्याला किती दिवस लागतात. सहाव्या दिवसापासून ती बाई राहणार कुठं? पुढच्या सरकारी निवासाच्या योजनाही आहेत, पण तिथं मुलग्यांना वयाची अट असते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असला की आईला विचारावं लागतं, याला कुणाकडं ठेवता? मग कित्येक जणी मुलासाठी मार खात घरीच राहतात. वाढवायच्या दोन खोल्यांपैकी एक नेमकी यासाठी आहे, वेगळ्या दाराची, थोरल्या मुलासह आईला राहता येईल अशी. आज आमच्याकडं बायका-लेकरं एकाच खोलीत ओळीनं झोपतात. रात्री एक लेकरू रडलं की सगळी उठतात.

‘खोट्या केसेस.’ आधारगृह कुणावर केस टाकत नाही. आणि 2005 च्या कायद्यात अर्ज केला म्हणून नवरा तुरुंगात जात नाही. त्यात संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, पोटगी आणि लेकरांचा ताबा मागता येतो. शिक्षा होते ती कोर्टाचा संरक्षणाचा आदेश मोडला तर. खरं-खोटं न्यायाधीश ठरवतील. तोवर तिनं स्टँडवर झोपावं का?

‘हाच पैसा देवळाला द्या.’ देवळाला जरूर द्या. गावच्या सप्ताहात पंगतीला वाढणारे हातच आमच्याकडं पायली-पायली ज्वारी आणून देतात. एका गवंडीकाकांनी आठ दिवसांची मजुरी सोडली आहे. ज्यांनी दिलं त्यांना देव आणि लेकी यांत निवड करावी लागली नाही.

राहिला पत्ता. तो आम्ही लपवतो, हे खरं आहे आणि लपवत राहू. एकीचा नवरा तीन दिवस समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होता. त्या तीन दिवसांत तिनं वाळत घातलेले कपडेसुद्धा काढायला बाहेर पाय टाकला नाही. हिशोब मात्र लपवलेला नाही. प्रत्येक वर्गणीची पावती आहे. वर्गणीवर करसवलत हवी असेल तर 2000 रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका, चेकनं किंवा ऑनलाइन द्या. वही, बँकेचं पासबुक, विटा-सिमेंटची बिलं बाजारपेठेतल्या संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहेत. रोज संध्याकाळी पाच ते सात तिथं मी असते. मेसेज लिहिणाऱ्या भाऊंनीही यावं, सगळी वही त्यांच्यासमोर उघडून ठेवीन.